रूस ते सहार : अंतर किती, वेळ किती?

सुट्टीत भारतात गेलं की ओळखीची माणसं आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कार्डिफ म्हणजे लंडनच ना?" आणि दुसरा, "विमानाला किती तास लागतात?" पहिल्या प्रश्नाला आम्ही हल्ली "हो, तिथनं जवळच," असं म्हणून मोकळे होतो. वेल्स नावाचा वेगळा देश आहे, त्याची भाषा वेगळी, संसद वेगळी, निशाणावर लाल ड्रॅगन, हे सगळं समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र "नऊ तास" असं उत्तर देताना आमच्यातला इंजिनिअर अस्वस्थ होतो. कारण नऊ तास हे उत्तर हीथ्रोचं आहे. आम्हाला विचारलेलं असतं कार्डिफचं. आणि विचारणाऱ्याच्या, विशेषतः विचारणारे आई-वडील असले तर त्यांच्या, मनातला प्रश्न त्याहून निराळाच असतो : "वेळ पडली तर किती तासांत येशील?"

आपल्याकडे पूर्वी अंतर मैलांत कोणी सांगतच नसे. "हाकेच्या अंतरावर", "कोसभर", "आत्ता निघालात तर दिवेलागणीला पोचाल", असा हिशेब असायचा. म्हणजे अंतर विचारलं तरी उत्तर वेळेत मिळायचं. पुढे शाळेत आम्हाला अंतर, वेग आणि वेळ यांचं गणित शिकवलं आणि सगळं सोपं झालं असं वाटलं. कार्डिफला एम. एस्सी.साठी आलो आणि इथलेच झालो, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. तेवढ्या काळात त्या गणिताची नव्याने उजळणी झाली, ती या लेखात मांडत आहोत. आपल्या वाचकांपैकी जे बर्मिंगहॅम, लीड्स किंवा ॲबरडीनला राहतात त्यांनी आपापले आकडे घालून बघावेत. गणित तेच आहे.

आधी सोपा भाग. एका पावसाळी रविवारी (कार्डिफमध्ये हे दोन शब्द वेगळे लिहायची तशी गरज नाही) मुलांचा पृथ्वीचा गोल घेतला, एका टोकाला कार्डिफ, दुसऱ्या टोकाला मुंबई धरली आणि शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून बसवला. गोलावर ताणलेला दोरा म्हणजे दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट. मग अक्षांश-रेखांश घेऊन कागदावर आकडेमोड केली. कार्डिफ विमानतळ ते मुंबई विमानतळ अंतर भरलं सुमारे ७,४०० किलोमीटर. हीथ्रोपासून मोजलं तर सुमारे ७,२००. म्हणजे लंडनकरांपेक्षा आम्ही जेमतेम दोनशे किलोमीटर लांब. एवढ्यासाठी का रडायचं, असं कोणालाही वाटेल.

या दोऱ्याची एक गंमत आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आपल्याला खाली, आग्नेयेला दिसते. कार्डिफहून ती ३२ अंश दक्षिणेला आहे. पण दोरा मात्र कार्डिफहून निघताना जवळजवळ नाकासमोर पूर्वेला जातो, आणि मग हळूहळू खाली वळतो. दक्षिण इंग्लंड, बेल्जियम, प्रागच्या जवळून चेक प्रजासत्ताक, युक्रेन, क्रिमिया, कॉकेशसचे डोंगर, कॅस्पियन समुद्राची दक्षिण बाजू, इराण, बलुचिस्तान आणि शेवटी अरबी समुद्रावरून मुंबई. म्हणूनच ॲमस्टरडॅमला विमान बदलून गेलं तर "उलटं कशाला जायचं?" असं वाटतं, पण ते उलटं नाहीच. कार्डिफ ते ॲमस्टरडॅम आणि तिथून मुंबई अशी बेरीज केली तर सरळ वाटेपेक्षा फक्त दहा-पंधरा किलोमीटर जास्त भरतात. दोहावरून गेलं तर सुमारे ३०० किलोमीटरचा वळसा पडतो. एवढ्या मोठ्या प्रवासात तोही काही फार नव्हे.

पण दोरा ताणणं आपल्या हातात असलं तरी आकाश आपल्या हातात नाही. वर सांगितलेली देशांची यादी पुन्हा एकदा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने आपलं आकाश २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केलं. जून २०२५ मध्ये इराणवरची वाट काही दिवस बंद होती. विमान तेच, इंधनाचा भाव तोच, पण वळसा घालून जायचं म्हटलं की अर्धा-पाऊण तास वाढतो. म्हणजे दोन विमानतळांमधलं अंतर भूगोलाच्या पुस्तकात कायम असलं तरी विमान जे अंतर कापतं ते मात्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर अवलंबून असतं.

वेळेचीही तीच कथा. जाताना नऊ तास आणि येताना दहा, हा फरक कशाचा, असं आमच्या मुलीने विचारलं होतं. तिचा अंदाज असा की भारतातून येताना बॅगा जड असतात! लोणची, भाजणी, गोडा मसाला यांचं वजन लक्षात घेता अंदाज अगदीच चुकीचा म्हणवत नाही. खरं कारण वाऱ्यात आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटरचा वारा तिथे नेहमीचाच. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. घरी जाताना वाराही ढकलतो आणि परत येताना अडवतो, असं म्हणायला छान वाटतं, पण वाऱ्याला आपलं घर कुठलं हे ठाऊक नसतं.

त्यात घड्याळाचा घोळ. हिवाळ्यात भारत आपल्यापुढे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ ला निघालेलं विमान मुंबईला सकाळी साडेअकराला उतरतं. तिकीट बघून वाटतं साडेचौदा तास लागले. उलट मुंबईहून दुपारी दीडला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी ६ ला पोचतं. तिकिटावर जेमतेम साडेचार तास. आमच्या एका काकांनी ही दोन तिकिटं शेजारी ठेवून "येताना विमान फारच जोरात हाणतात," असा निष्कर्ष काढला होता.

हे नऊ-दहा तास आपल्याला जास्त वाटतात, कारण आधीच्यांचे आकडे आपण विसरलो. सावरकरांना अटक करून "मोरिया" बोटीने नेलं ते १ जुलै १९१० ला इंग्लंडचा किनारा सोडून. मार्सेयची ती प्रसिद्ध उडी ८ तारखेची, आणि मुंबई दिसली २२ ला. तीन आठवडे. गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ ला मुंबईहून "राजपुताना" बोटीने निघाले, मार्सेयला उतरून पुढे रेल्वेने गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. दोन आठवडे. विमानाची टपाल-प्रवासी सेवा १९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत सुरू झाली. वाटेत काही भाग रेल्वेने, काही समुद्री विमानाने, असे सात दिवस लागायचे. तिथून पुढे कराची ते मुंबई टपाल स्वतः विमान चालवत आणलं ते जे. आर. डी. टाटांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला. आणि मुंबई ते लंडन अशी आपली स्वतःची विमानसेवा सुरू झाली ८ जून १९४८ ला : एअर इंडियाचं "मलबार प्रिन्सेस" हे विमान, कैरो आणि जिनिव्हा करत.

बोटींच्या त्या काळात कार्डिफ मुंबईला आजच्यापेक्षा जवळ होतं, असं म्हटलं तर आश्चर्य वाटेल. पण आगबोटींना लागणारा उत्तम कोळसा वेल्सच्या खोऱ्यांतून निघायचा. तो कार्डिफच्या आणि शेजारच्या बॅरीच्या गोदीतून बाहेर जायचा. १९१३ साली एकट्या बॅरीने १ कोटी १० लाख टनांच्या वर कोळसा पाठवला. पोर्ट सैद आणि एडनच्या वखारींत हाच कोळसा रचून ठेवलेला असे. म्हणजे मुंबईची वाट ज्या बंदरांवरून जायची, तिथे आमच्या या गावाचा काळा माल आधीच जाऊन बसलेला असायचा. आज त्याच बॅरीच्या पुढे, दहा मिनिटांवर, कार्डिफचा विमानतळ आहे, आणि तिथून मुंबईला काही जात नाही.

या विमानतळाबद्दल थोडं सांगायला हवं. तो कार्डिफ शहरात नाही. नैर्ऋत्येला साधारण वीस किलोमीटरवर रूस नावाचं लहान गाव आहे, तिथे आहे. ("रूस"ला चाललो असं म्हटल्यावर आमच्या हिंदी शेजाऱ्यांना आम्ही मॉस्कोला निघालो असं वाटलं होतं.) दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, वैमानिकांच्या शिक्षणासाठी ही धावपट्टी बांधली, १९५४ मध्ये शहराची विमानं तिथे हलली. पाटीवर वर वेल्श भाषेत "माइस आविर काएर्दिद" असं लिहिलेलं असतं. माइस म्हणजे मैदान, आविर म्हणजे हवा, आकाश. आपल्या "विमानतळा"पेक्षा हा शब्द आम्हाला जास्त आवडतो. गावाच्या खाली रूस पॉइंट आहे : वेल्सच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. तिथे उभं राहिलं की समोर ब्रिस्टल खाडीचं करडं पाणी, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे सॉमरसेटचा किनारा दिसतो.

इथे जवळजवळ २,४०० मीटरची धावपट्टी आहे. म्हणजे लांब पल्ल्याचं विमान उतरू शकतं, आणि उतरतंही! ब्रिटिश एअरवेजची मोठी विमानं दुरुस्तीसाठी इथल्याच हँगरमध्ये येतात. १९९० च्या दशकात जंबोसाठी बांधलेल्या त्या हँगरमध्ये आता ७७७ आणि ७८७ खोलून बसलेली असतात. म्हणजे जी विमानं हीथ्रोहून आपल्याला मुंबईला नेतात त्यांच्याच जातीची विमानं आमच्या दाराशी रिकामी येतात आणि रिकामी परत जातात. त्यांच्याकडे बघताना आमची अवस्था मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावलेल्या पोरासारखी होते.

मग प्रवासी घेऊन का जात नाहीत? धावपट्टी असून भागत नाही, बाजार लागतो. २०१९ साली कार्डिफ विमानतळावरून वर्षभरात साडेसोळा लाखांच्या आसपास प्रवासी गेले-आले. खाडीपलीकडच्या ब्रिस्टलने त्याच वर्षी ९० लाखांच्या जवळपास नेले. आणि मागे हीथ्रो नावाचा वटवृक्ष आहेच. वटवृक्षाच्या सावलीत दुसरं झाड वाढत नाही. खाजगी मालकाकडे विमानतळाची रया जात चालली, तेव्हा २०१३ मध्ये वेल्स सरकारने तो ५ कोटी २० लाख पौंडांना विकत घेतला. करदात्याचा पैसा असा घालावा की नाही यावर इथे अजून भांडणं होतात. आमचंही मत एकेकाळी वेगळं होतं. ते कसं बदललं ते पुढे येईलच.

तेव्हा कार्डिफच्या मराठी माणसाचा नेहमीचा रस्ता म्हणजे हीथ्रो. सुमारे २२५ किलोमीटर, एम ४ रस्त्याने. न्यूपोर्टला ब्रिन्ग्लासचे बोगदे लागतात. १९६७ साली बांधलेले, अरुंद. त्यांना पर्यायी रस्ता काढायचं बरीच वर्षं घाटत होतं. शेवटी २०१९ मध्ये ती योजना रद्द झाली, आणि खोळंबा कायम राहिला. पुढे सेव्हर्न नदीवरचा पूल. पहिला १९६६ चा, दुसरा १९९६ चा. इंजिनिअर म्हणून सांगायचं तर दोन्ही बघण्यासारखे. जुना जोराच्या वाऱ्यात बंद करावा लागतो, नव्याला वारा अडवणारे कठडे आहेत. या पुलांवर टोल होता तो फक्त वेल्समध्ये येताना. बाहेर जायला फुकट, आत यायला पैसे, यावर वेल्श लोकांचे विनोद ठरलेले. १७ डिसेंबर २०१८ ला टोल उठला आणि विनोदही गेले. रेल्वेने जायचं तर नदीच्या खालून, १८८६ सालच्या सात किलोमीटरच्या बोगद्यातून. मग रेडिंगला उतरून बस. बॅगा, मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असले तर रेडिंगचा जिना हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता बेरीज. आमचं एक घर सांगलीला, दुसरं पुण्याला. सांगलीचा हिशेब असा : कार्डिफच्या दारातून हीथ्रो, खोळंबा धरून ४ तास. विमानाआधी ३. विमानात ९. मुंबईला शिक्के, बॅगा, कस्टम मिळून २. तिथून गाडीने सांगली, घाट धरून ८. एकूण २६ तास. त्यात विमान उडतं ते नऊच तास, म्हणजे साधारण एक तृतीयांश. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर, पण दारापासून दारापर्यंतचा आमचा वेग ताशी ३००. जपानच्या बुलेट ट्रेनपेक्षा कमीच! नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पुण्या-सांगलीकडे जाणाऱ्यांना तो वाटेवरचा आहे, तेव्हा एखादा तास वाचेल अशी आशा आहे. पण मुद्दा असा की विमान कितीही जोरात गेलं तरी उरलेले सतरा तास जमिनीवरच जातात.

आणि आता आमच्या मतबदलाची हकिगत. १ मे २०१८ ला, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनाला, कतार एअरवेजचं दोहाला जाणारं रोजचं विमान कार्डिफहून सुरू झालं. घरून निघून चाळीस मिनिटांत विमानतळ, सात तासांत दोहा, तिथे विमान बदलून साडेतीन तासांत मुंबई. इथल्या मराठी मंडळींत त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. आम्ही लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि बेरीज आली पावणेसत्तावीस तास! हीथ्रोपेक्षा पाऊण तास जास्तच. दोहातली तीन तासांची वाट सगळी बचत खाऊन टाकते. "मग फायदा काय?" असं आम्ही मित्रांना मोठ्या आवाजात विचारलं होतं. आकडेमोड बरोबर होती. तिला काय मोजायचं ते त्या नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबर २०१८. पहाटे पाचला फोन वाजला. त्या वेळचा फोन कशाचा असतो हे परदेशात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आईला हार्ट ॲटॅक आला होता, मिरजेच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याच दिवशीच्या दोहाच्या विमानात जागा मिळाली. पूल नाही, बोगदा नाही, रेडिंग नाही. शेजाऱ्यांनी मुलांना ठेवून घेतलं आणि आम्हाला रूसला सोडलं. फोन आल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत ३१ तास लागले. आई शुद्धीवर होती. आम्हाला बघून पहिलं वाक्य, "विमानात जेवलात का?" ती बरी झाली. हीथ्रोवरूनही कदाचित तेवढेच तास लागले असते. पण त्या दिवशी, त्या मनःस्थितीत, चार तास एम ४ वर गाडी हाकायची आमच्यात ताकद नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात, २०१९ मध्ये, आई-बाबा इकडे आले. मुंबईला भावाने चाकाच्या खुर्चीत बसवून दिलं, दोहाला कोणीतरी खुर्ची ढकलत दुसऱ्या विमानात नेलं, आणि रूसच्या त्या छोट्या दारातून दोघं बाहेर आली तेव्हा आम्ही समोर उभे. तिथून घर चाळीस मिनिटं. त्याआधीच्या खेपेला हीथ्रोपासूनच्या प्रवासात आईचे पाय सुजले होते आणि "आता पुन्हा नाही बाई," असं ती म्हणाली होती. या वेळी घरी येऊन तिने स्वतः आमटी केली. तासांची बेरीज तीच, पण माणसाच्या पायांना आणि पाठीला लागणारं अंतर वेगळं असतं. ते कोणत्याच तिकिटावर छापत नाहीत.

एका संध्याकाळी त्यांना रूस पॉइंटला नेलं होतं. आईने पाण्याकडे बघून विचारलं, "हा समुद्र आपल्याकडे येतो का?" आम्ही सांगायला लागलो, की ही ब्रिस्टल खाडी, पुढे अटलांटिक, मग आफ्रिकेला वळसा घालून किंवा सुएझमधून... तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "म्हणजे येतो."

मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि दोहाचं विमान थांबलं. पुढची पाच वर्षं तरी ते परतलं नाही. भारताने २३ मार्च २०२० पासून परदेशी विमानांची नियमित ये-जा बंद केली ती थेट २७ मार्च २०२२ ला पुन्हा सुरू केली. मधल्या काळात मोजकी विमानं खास करारांवर उडत होती. २३ एप्रिल २०२१ ला ब्रिटनने भारताला "लाल यादी"त टाकलं. भारतातून परत येणाऱ्याने दहा दिवस सरकारने नेमलेल्या हॉटेलात काढायचे, एका माणसाचे १,७५० पौंड. वेल्समध्ये तशी हॉटेलंच नव्हती. वेल्सच्या माणसालाही ते दहा दिवस सेव्हर्नपलीकडे इंग्लंडमध्येच काढावे लागत.

आई गेली ती त्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत. ॲडमिट केल्यापासून चौथ्या दिवशी. आमच्यापैकी एकाने जायचं, दुसऱ्याने मुलांपाशी राहायचं, टेस्ट कधी करायची, जागा कुठल्या विमानात मिळेल, असं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात सगळं संपलं. घरच्यांच्याही हातात दिलं नाही. महापालिकेच्या माणसांनी अंत्यसंस्कार केले. भाऊ लांब उभा राहून फोन धरून होता आणि आम्ही इथे स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्या हलणाऱ्या चित्राकडे बघत होतो. नंतर देवापुढे दिवा लावला. अंतर तेच होतं, ७,४०० किलोमीटर. गोलावरचा दोरा तेवढाच. वेळ मात्र कोणत्याही गणितात बसत नव्हती. आम्ही सांगलीला पोचलो ते वर्षश्राद्धाला.

हे आमच्या एकट्याचं नाही, म्हणूनच इथे लिहिलं. हा अंक ज्या घरांत जातो त्यांतल्या कित्येकांनी त्या दोन वर्षांत असंच काहीतरी फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. आणि कोविड नसतानाही, खरं सांगायचं तर, आपल्या रीतीप्रमाणे काही तासांतच सगळं उरकतात. सव्वीस तास काय किंवा एकतीस काय, त्या वेळेत पोचवणारं विमान कोणी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. "वेळ पडली तर किती तासांत येशील?" या प्रश्नाला आम्ही पूर्वी आकडा सांगायचो. आता बाबांना सांगतो, "वेळ पडायची वाट बघत नाही, असाच येतो."

आणि जातो. मोठ्या लग्नाची, मुंजीची, आजारपणाची वाट न बघता. मागच्या हिवाळ्यात एकजण नुसताच आठ दिवस जाऊन आला. काही केलं नाही. सकाळी बाबांबरोबर गणपतीच्या देवळापर्यंत फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी कट्ट्यावर त्यांच्या मित्रांच्या गप्पा. आठ दिवसांसाठी येऊन-जाऊन बावन्न तासांचा प्रवास म्हणजे इंजिनिअरच्या दृष्टीने अत्यंत वाईट कारभार. बाबांनी निघताना एवढंच विचारलं, "पुढच्या खेपेला कधी?" तारीख सांगितली. त्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवली.

विमानतळांची भांडणं चालू राहतील. दोहाचं विमान कार्डिफला परत आलं तर आम्ही पहिल्या दिवशी पेढे वाटू. नाही आलं तर ॲमस्टरडॅम आहे, हीथ्रो आहे. आपल्यापैकी ज्यांचे आई-वडील अजून तिकडे आहेत त्यांनी शाळेच्या पुढच्या सुट्टीचं कॅलेंडर आजच काढावं. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, सुट्टी थोडी कमी पडली तरी चालेल. फक्त कार्डिफकरांनी हीथ्रोची बस लागते त्यापेक्षा दोन तास आधीची धरावी. ब्रिन्ग्लासच्या बोगद्याचा काही भरवसा नाही.